रसायनशाळेतून कारखान्याकडे : आचार्य प्रफुल्लचंद्र राय



बाजारात तांदूळ घेताना आपण चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो, एखादा दाताखाली फोडून बघतो. कापड घेताना पोत चाचपतो, तूप घेताना वास घेतो. औषधाच्या दुकानात मात्र यांतले काहीच आपल्याला करता येत नाही. बाटलीतला लालसर द्रव खरा की खोटा, हे जिभेला कळत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. फार काय, ज्या डॉक्टरांनी तो लिहून दिला त्यांनाही तो नुसता पाहून सांगता येणार नाही. आपण बाटलीवरचे नाव वाचतो, पैसे मोजतो आणि घरी येऊन आजारी मुलाला चमचाभर पाजतो. म्हणजे औषध विकत घेताना आपण खरोखर घेतो तो विश्वास. औषधाचा कारखाना काढणाऱ्याला यंत्रे आणावी लागतात, भांडवल जमवावे लागते, हे खरेच. पण त्याहून अवघड काम त्याच्यापुढे असते ते हे, की कोणालाही डोळ्यांनी पारखता न येणाऱ्या मालाविषयी लोकांच्या मनात विश्वास उत्पन्न करायचा आणि तो टिकवायचा.

हे काम आपल्या देशात ज्यांनी अगदी आरंभीच्या काळात, जवळजवळ रिकाम्या हातांनी केले, त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या चरित्राविषयी आज मी बोलणार आहे. बंगाल केमिकल या कारखान्याचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. नामांकित रसायनशास्त्रज्ञ, प्राध्यापक, इतिहासकार, खादीचे पुरस्कर्ते, अशी त्यांची इतर रूपेही पुष्कळ आहेत. परंतु ही सगळी रूपे वेगवेगळी नाहीत, एकाच स्वभावाची आहेत, आणि त्या स्वभावाचे मूळ पदार्थाच्या शुद्धतेविषयीच्या आग्रहात आहे, असे मला वाटते. तेच आज थोडे उलगडून सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी त्या वेळच्या जेसोर जिल्ह्यातल्या राडुली या गावी झाला. हे गाव पुढे खुलना जिल्ह्यात गेले आणि आज बांगलादेशात आहे. वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार. पण नव्या विद्येचे भोक्ते, घरी चांगला ग्रंथसंग्रह बाळगणारे. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी १८७० साली बिऱ्हाड कलकत्त्याला हलवले. तेथे हेअर स्कूलमध्ये शिकत असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा असा विकार जडला की शाळा सोडून घरी बसावे लागले. प्रकृती जी बिघडली ती पुन्हा कधी पूर्ण सुधारली नाही. मंद पचन आणि निद्रानाश हे दोन सोबती त्यांना जन्मभर पुरले. पण या सक्तीच्या विश्रांतीत या मुलाने वडिलांचा ग्रंथसंग्रह वाचून काढला. इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास यांची गोडी तेव्हा लागली, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

पुढे ते ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. तेथे सुरेंद्रनाथ बॅनर्जी इंग्रजी शिकवीत. रसायनशास्त्राच्या तासांना मात्र बाहेरचा विद्यार्थी म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजात जावे लागे. तेथले अलेक्झांडर पेडलर यांचे प्रयोग पाहून या मुलाला रसायनाचे वेड लागले. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेत हिंदुस्थानातून दोघे यशस्वी झाले. एक प्रफुल्लचंद्र आणि दुसरे मुंबईचे बहादुरजी नावाचे पारशी विद्यार्थी. त्या शिष्यवृत्तीवर प्रफुल्लचंद्र एडिंबरोला गेले आणि क्रम ब्राउन या थोर अध्यापकाचे शिष्य झाले.

एडिंबरोतील एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. १८८५ साली विद्यापीठाने निबंधाची एक स्पर्धा जाहीर केली. विषय होता बंडापूर्वीचा आणि बंडानंतरचा हिंदुस्थान. रसायनाच्या या विद्यार्थ्याने प्रयोग बाजूला ठेवून राज्यकारभाराचे ग्रंथ चाळले आणि सरकारवर सडकून टीका करणारा निबंध लिहिला. बक्षीस काही मिळाले नाही. पण निबंध पहिल्या प्रतीचा ठरला. तो त्यांनी पुढल्या वर्षी छापून प्रसिद्ध केला आणि जॉन ब्राइटसारख्या मुत्सद्द्याने त्याची दखल घेतली. १८८७ साली त्यांना डी. एस्सी. ही पदवी मिळाली, होप पारितोषिक मिळाले, आणि वर्षभर आणखी संशोधन करून १८८८ च्या ऑगस्टात ते कलकत्त्यास परतले.

परतल्यावर काय झाले? जवळजवळ वर्षभर नोकरीच मिळाली नाही! एडिंबरोचा डी. एस्सी. जगदीशचंद्र बोस या मित्राच्या घरी पाहुणा म्हणून राहत होता. शेवटी १८८९ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात तात्पुरती जागा मिळाली, दरमहा २५० रुपयांची. शिक्षणखात्यातल्या वरच्या श्रेणीच्या जागा त्या काळी प्रायः विलायतेहून आलेल्या गोऱ्यांना मिळत. देशी मनुष्याला, त्याची विद्या तीच असली तरी, खालच्या श्रेणीत बसवीत. प्रफुल्लचंद्रांनी शिक्षणखात्याचे प्रमुख सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. साहेबांनी त्यांना चिडून ऐकवले, की जगात इतरही मार्ग मोकळे आहेत, ही नोकरी पत्करायला आपल्यावर कोणी जुलूम केलेला नाही. हा टोला प्रफुल्लचंद्र विसरले नाहीत. इतर मार्ग मोकळे आहेत, हे साहेबांचे म्हणणे त्यांनी पुढे वेगळ्याच अर्थाने खरे करून दाखवले.

नोकरीत शिरल्यावर त्यांनी संशोधनाला हात घातला, तो कोणत्या विषयाला? तूप आणि मोहरीचे तेल यांतल्या भेसळीला. बंगाल्यांच्या रोजच्या जेवणातले हे दोन पदार्थ. पण बाजारातले तूप भेसळीचे आहे असे म्हणायचे, तर आधी शुद्ध तूप म्हणजे काय, त्याचे गुणधर्म कोणत्या आकड्यांत मांडता येतात, हे ठरवावे लागते. म्हणून त्यांनी विश्वासाच्या ठिकाणाहून दूध आणवून समक्ष लोणी काढवले, मोहरी आणून समक्ष घाण्यातून तेल काढवले आणि मग पृथक्करण केले. या कामात काही वर्षे गेली. त्याचा निबंध १८९४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या कामात आहे. आधी मोजमाप ठरवा, मग माल पारखा, ही शिस्त त्यांनी तुपातेलावर शिकून घेतली होती.

याच सुमारास दुसरा एक विचार त्यांना अस्वस्थ करीत होता. वर्षामागून वर्षे विद्यापीठातून पदवीधर बाहेर पडत होते आणि कारकुनीच्या जागेसाठी उंबरे झिजवीत होते. उलट देशातली हाडे, कुचला, सोनामुखी, एरंडी असा कच्चा माल जहाजे भरभरून परदेशी जाई आणि त्याचीच औषधे होऊन दसपट किमतीने परत येई. देशाचे दारिद्र्य उद्योगधंद्यांच्या अभावात आहे, हा विचार त्या वेळी आपल्याकडेही चालू होता. १८९० साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास औद्योगिक परिषद भरली, ती याच विचाराने. परंतु परिषदेत ठराव होणे आणि प्रत्यक्षात एक बाटली तयार होणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडायला रसायन जाणणारा मनुष्य हवा होता आणि तो ९१, अपर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात राहत होता.

या घरातच १८९२ साली 'बंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स' या नावाने काम सुरू झाले. भांडवल किती, तर प्राध्यापकाच्या पगारातून मागे पडलेले सातशे-आठशे रुपये. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी कारखाना, अशी वाटणी होती. आरंभी लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढून पाहिले. पण कलकत्त्याच्या बाजारातली लिंबे परवडेनात, म्हणून ते सोडून दिले. मग त्यांची दृष्टी हाडांकडे वळली.

हाडांचे रसायन सांगायला सोपे आहे. हाड जाळले की त्यातला मांसाचा, चरबीचा, सरसाचा अंश जळून जातो आणि पांढरी राख उरते. ही राख म्हणजे बहुतांशी कॅल्शियमचे फॉस्फेट. तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया केली, की पाण्यात विरघळणारे चुन्याचे फॉस्फेट मिळते, आणि त्यात सोडा घालून गाळले व आटवले, की सोडियम फॉस्फेटचे स्वच्छ स्फटिक तयार होतात. दोन्ही पदार्थ त्या वेळच्या डॉक्टरांना हवे असत आणि दोन्ही विलायतेहून येत.

कागदावरचे हे समीकरण प्रत्यक्षात कसे उतरले, ते ऐकण्यासारखे आहे. प्रफुल्लचंद्रांनी खाटकांकडून गुरांच्या हाडांची पोती आणवली आणि घराच्या गच्चीवर वाळत घातली. थंडीचे दिवस, ऊन चांगले, तेव्हा हाडे वाळतील असा हिशेब. पण ऐन जानेवारीत पावसाची झड लागली. हाडांना चिकटलेले मांस कुजू लागले, अळ्या पडल्या, दुर्गंधी सुटली. कावळे जमले, हाडे चोचीत धरून शेजाऱ्यांच्या अंगणात टाकू लागले. शेजारी सनातनी हिंदू. गुरांची हाडे अंगणात पडू लागल्यावर त्यांनी काय गिल्ला केला असेल, याची कल्पना आपण करू शकतो! नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याकडे जाण्याची धमकी त्यांनी दिली. शेवटी एका स्नेह्याच्या माणिकतळ्याच्या जागेत सगळी हाडे नेली, विटांच्या भट्टीसारखी रचली आणि रात्री पेटवून दिली. तो जाळ पाहून गस्तीचा शिपाई धावत आला. कोणी खून करून प्रेत जाळीत आहे, अशी त्याला शंका! प्राध्यापकमहाशयांनी त्याची समजूत घातली आणि हाडांची राख हाती आली.

वर्गात ते हाडाची राख चिमटीत घेऊन तोंडात टाकीत. ती गाईची की घोड्याची, हा प्रश्न आता उरला नाही, हा शुद्ध रासायनिक पदार्थ आहे, असे विद्यार्थ्यांना सांगत. यात धर्मभावनेची थट्टा नव्हती. पदार्थाची शुद्धता त्याच्या कुळावरून ठरत नाही, कसोटीवरून ठरते, हा धडा होता. आणि जातीपातीच्या समाजात तो रसायनापुरता मर्यादित राहणार नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

माल तर तयार झाला, पण घेणार कोण? कलकत्त्याच्या बाजारात गेल्यावर औषधांचे व्यापारी तोंडे वाकडी करीत. विलायती मालाची मागणी आहे, देशी माल गिऱ्हाईक उचलत नाही, असे ते सरळ सांगत. आपण या व्यापाऱ्यांना स्वदेशद्रोही म्हणून मोकळे होऊ नये. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. देशी म्हणजे कच्चा, आज एक तर उद्या दुसरा, असा अनुभव गाठीशी होता, आणि औषधात असे चालत नाही. कुचल्याचा अर्क घ्या. त्यात स्ट्रिक्निन हे जहाल विष असते. अगदी अल्प प्रमाणात ते औषध म्हणून देत. पण आजच्या बाटलीतला अर्क सौम्य आणि उद्याच्या बाटलीतला तिप्पट तीव्र असेल, तर तेवढेच थेंब रोग्याचा प्राण घेतील. म्हणून औषध चांगले असणे पुरेसे नाही. प्रत्येक बाटलीत ते सारखे असले पाहिजे. त्या काळी याची मोजमापे 'ब्रिटिश फार्माकोपिया' या अधिकृत ग्रंथात दिलेली असत. प्रफुल्लचंद्रांनी आपला माल पहिल्यापासून या ग्रंथाच्या कसोटीला लावून मगच बाजारात आणण्याचा नियम केला. स्वदेशी आहे म्हणून घ्या, असे त्यांनी म्हटले नाही. तपासून पाहा, विलायतीच्या बरोबरीचे आहे की नाही ते बघा आणि मग घ्या, असे म्हटले.

या कामी त्यांना एक उत्तम साथीदार मिळाला. डॉ. अमूल्यचरण बोस हे उत्साही डॉक्टर कारखान्यात भागीदार म्हणून आले. व्यापाऱ्याचे मन वळवायचे तर आधी डॉक्टरांचे वळवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ते आपल्या व्यवसायबंधूंकडे गेले. राधागोविंद कर, नीलरतन सरकार अशा नामांकित डॉक्टरांनी बंगाल केमिकलची औषधे लिहून द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानात आली, की दुकानदाराला माल ठेवणे भाग पडते. विश्वास असा वरून खाली पाझरत गेला.

अमूल्यबाबूंची दुसरी कामगिरी म्हणजे देशी वनस्पतींची औषधे. अडुळसा, कुडा, पाले किराईत, ओवा ही नावे आपल्या आजीबाईंच्या बटव्यातली. वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. पण काढा घरोघर निराळा. बंगाल केमिकलने त्यांचे अर्क आणि सरबते एका मापाची, टिकाऊ, बाटलीबंद करून आणली. कलकत्त्यास भरलेल्या वैद्यक परिषदेत ती मांडली गेली आणि देशोदेशीच्या डॉक्टरांचे लक्ष त्यांनी वेधले. आज अडुळशाचे सरबत आपण दुकानात सहज मागतो, तेव्हा आजीच्या काढ्याला मोजमापाची शिस्त लावणारे हे लोक आपल्या ध्यानात यावेत.

पण १८९८ हे वर्ष काळासारखे आले. कलकत्त्यात प्लेगची साथ शिरली आणि रोग्यांची सेवा करता करता अमूल्यबाबू स्वतः प्लेगला बळी पडले. त्यांचे एक तरुण आप्त सतीशचंद्र सिंह रसायनाचे एम. ए. होऊन कारखान्यात आले होते. तेही प्रयोगशाळेत प्रुसिक आम्लाच्या विषबाधेने अपघाताने दगावले. दोन्ही हात तुटल्यासारखे झाले. अनेकांनी अशा वेळी दुकान गुंडाळले असते. प्रफुल्लचंद्रांनी आणखी तासभर काम वाढवले.

या धामधुमीत संशोधन मागे पडले, असेही झाले नाही. १८९५-९६ च्या सुमारास पाऱ्यावर सौम्य नत्राम्लाची थंड स्थितीत क्रिया करून पाऱ्याचे एक नेहमीचे संयुग ते तयार करीत होते, तर भांड्यात अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक दिसले. दुसऱ्या कोणी मळ म्हणून फेकून दिले असते. यांनी पृथक्करण केले, तो मर्क्युरस नायट्राइट हा पदार्थ निघाला. त्याच्या मागोमाग नायट्राइट वर्गावर त्यांनी वर्षानुवर्षे निबंध लिहिले आणि युरोपात त्यांची कीर्ती झाली. अनपेक्षित दिसले ते टाकून न देता तपासायचे, ही तीच तुपातेलावरची सवय.

१९०१ साली कारखान्याचे रूपांतर मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत झाले, भांडवल दोन लाख रुपये ठेवले. १९०५ च्या सुमारास माणिकतळ्याला शहराबाहेर प्रशस्त जागा घेऊन मोठा कारखाना उभा राहिला. त्याच साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची लाट उसळली. कितीतरी कारखाने भावनेच्या भरात निघाले आणि भावना ओसरल्यावर बुडाले. आपल्याकडेही तोच काळ. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावचा काचकारखाना १९०८ साली निघाला तो याच हवेत. बंगाल केमिकल त्या लाटेत तरले याचे कारण इतकेच, की लाट येण्यापूर्वी तेरा वर्षे ते पोहायला शिकत होते. देशभक्तीने गिऱ्हाईक एकदा दुकानात येते. दुसऱ्यांदा ते मालाच्या गुणावरच येते.

इतके काम करूनही प्रफुल्लचंद्रांना एक प्रश्न सतावीत होता. ज्या देशात नागार्जुनासारखे रससिद्ध झाले, 'रसरत्नसमुच्चय' लिहिला गेला, दिल्लीचा न गंजणारा लोहस्तंभ घडला, त्या देशात ही विद्या बुडाली कशी? फ्रान्सचे रसायनज्ञ बर्थेलो यांच्या उत्तेजनाने त्यांनी जुनी हस्तलिखिते मिळवून अभ्यासली आणि प्राचीन हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला १९०२ साली आला, दुसरा १९०९ साली. त्यात त्यांनी दिलेले उत्तर कडू आहे. हाताने काम करणाऱ्यांना आपण खालच्या जातीत लोटले, बुद्धिवंतांनी हात मळवणे सोडले. त्यामुळे कारागिराला 'का' हा प्रश्न विचारता येईना आणि पंडिताला 'कसे' हे कळेना. हात आणि डोके यांची अशी फारकत झाली की विज्ञान मरते. हे वाचल्यावर गच्चीवरच्या हाडांचा अर्थ नीट कळतो. एडिंबरोचा डी. एस्सी. खाटकाकडची हाडे आणून स्वतःच्या हाताने जाळीत होता, तेव्हा तो फारकत झालेल्या या दोघांचा पुन्हा संसार मांडीत होता.

आता पुण्याशी असलेल्या त्यांच्या नात्याकडे वळतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यास राहत, तेव्हा प्रफुल्लचंद्र त्यांचे शेजारी होते आणि दोघांचा दाट स्नेह होता. १९०२ च्या आरंभी गांधीजी गोखल्यांकडे उतरले असता गोखल्यांनी त्यांना प्रफुल्लचंद्रांची ओळख करून दिली ती अशी, की या प्राध्यापकांना महिना आठशे रुपये मिळतात, त्यांतले चाळीस ते स्वतःसाठी ठेवतात, बाकीचे सार्वजनिक कामाला देतात. यांचे लग्न झालेले नाही आणि करायची इच्छाही नाही. गांधीजींनी आत्मकथेत ही आठवण नोंदवली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या प्रश्नावर १९ जानेवारी १९०२ रोजी अल्बर्ट हॉलमध्ये गांधीजींचे व्याख्यान झाले, त्याच्या खटपटीत प्रफुल्लचंद्र पुढे होते.

हा चाळीस रुपयांचा हिशेब नुसता वैराग्याचा म्हणून सांगू नये. मालक स्वतः फाटक्या कोटात वावरतो, नफ्याकडे हात पसरीत नाही, हे डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे त्याच्याभोवती विलक्षण माणसे जमली. १९०३ साली राजशेखर बसू नावाचे तरुण रसायनज्ञ कंपनीत आले आणि पुढे कितीतरी वर्षे त्यांनी तिचा कारभार पाहिला. हेच 'परशुराम' या नावाने बंगालीतले अग्रगण्य विनोदी लेखक झाले आणि 'चलन्तिका' या शब्दकोशाचे कर्तेही! सतीशचंद्र दासगुप्त हे दुसरे रसायनज्ञ. कारखान्यात आग विझवण्याचे यंत्र त्यांनी तयार केले आणि पुढे सारे सोडून खादी प्रतिष्ठानाच्या कामाला वाहून घेतले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, जर्मनीहून येणारी रसायने बंद झाली, तेव्हा विलायती मालाची वाट पाहणाऱ्या सरकारलाही या कारखान्याचे दार ठोठवावे लागले.

१९१६ साली प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन प्रफुल्लचंद्र कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात आले. १९२१ साली साठी पूर्ण झाल्यावर त्यांनी आपला पगार विद्यापीठालाच रसायन विभागासाठी देऊन टाकला आणि कॉलेजाच्या इमारतीतल्या एका खोलीत ते राहिले. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे त्यांचे शिष्य. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हेही त्यांच्या वर्गात बसलेले. १९२२ साली उत्तर बंगालात महापूर आला, तेव्हा मदतीच्या कामाची धुरा त्यांच्याकडे आली आणि सायन्स कॉलेज हे धान्याकपड्यांचे कोठार झाले. लोकांनी पैसा आणून ओतला तो याच भरवशावर, की हा मनुष्य पैचा हिशेब देईल. औषधाच्या बाटलीवर जो विश्वास बसला होता, तोच आता माणसावर बसला होता. १६ जून १९४४ रोजी त्या खोलीतच त्यांचा अंत झाला.

येथे थांबलो असतो तर चरित्र गोड झाले असते. परंतु पुढचा भागही सांगितला पाहिजे. कंपनी वाढली होती. १९२० साली पाणिहाटीला आणि १९३८ साली आपल्या मुंबईत प्रभादेवीला तिचे कारखाने निघाले, कानपूरला १९४९ साली. पण स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच तिला उतरती कळा लागली. १९७७ साली सरकारला व्यवस्था हाती घ्यावी लागली, १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले आणि नंतर कित्येक दशके ती तोट्यात चालली. २०१६-१७ साली पुन्हा नफ्याचे तोंड दिसले. संस्थापकाचे चारित्र्य हे कंपनीच्या भांडवलात कायमचे जमा होत नाही, असाच याचा अर्थ. ते प्रत्येक पिढीला नव्याने भरावे लागते.

हा प्रश्न एका कंपनीचा नाही. आज आपला देश औषधे जगभर पाठवतो. प्रफुल्लचंद्रांना हे पाहून आनंद झाला असता. परंतु १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काय घडले, ते आपण विसरलेलो नाही. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. त्यानंतर ३६ वर्षांनी, २०२२ साली, आफ्रिकेतल्या गांबिया देशात साठांहून अधिक बालकांच्या मृत्यूचा संबंध भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने इशारा देताना नाव घेतले ते याच द्रव्याचे. ग्लिसरिन आणि हे विष दिसायला सारखेच; दोन्ही बिनरंगी, दाट आणि चवीला गोडसर. फरक कळतो तो तपासणीने. पिंप आले की त्यातला नमुना काढून तपासायचा, एवढेच ते काम. ज्या मनुष्याने तुपाची भेसळ ओळखण्यासाठी आधी समक्ष लोणी काढवले, त्याच्या कारखान्यात पिंपावरच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवणारा टिकला असता काय?

म्हणून आचार्य राय यांचे स्मरण करताना त्यांच्या त्यागाला हात जोडून थांबू नये, असे मला वाटते. चाळीस रुपयांत राहणे आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल, आणि सर्वांनी तसे राहावे असा त्यांचाही आग्रह नव्हता. परंतु आपल्या हातून बाहेर पडणारी वस्तू, मग ती औषधाची बाटली असो, वर्गातला धडा असो की कचेरीतला कागद असो, दुसरा तपासणार नाही हे ठाऊक असतानाही आपण तपासून द्यायची, ही गोष्ट प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. आज रात्री आपल्यापैकी कोणीतरी घरी जाऊन मुलाला चमचाभर औषध पाजील. ते पाजताना आईचा हात कापत नाही, कारण कुठल्या तरी कारखान्यात कोणा अनोळखी माणसाने आपले काम चोख केले असेल, असे ती धरून चालते. तो माणूस खरोखरच तसा असावा, याची व्यवस्था समाजाला करावी लागते, आणि प्रफुल्लचंद्रांनी ती भाड्याच्या घरात सातशे-आठशे रुपयांत सुरू केली होती.